भंगारात न गेलेली गाडी

श्री

गावभाग, सांगली
२९ एप्रिल २०२०

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतोय, तरी पत्र लिहितेय. फोन आला की आई स्पीकर लावते आणि दादा, वहिनी, पोरं सगळी भोवती जमतात. मला जे सांगायचंय ते आधी बाबांना सांगायचंय. आई, तूच वाचून दाखव, बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको. तरी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, दसऱ्याच्या सुमारास आपली हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटारसायकल भंगारवाल्याला दिली म्हणून मी तुमच्या हातात २२०० रुपये ठेवले होते. गाडी दिली नव्हती. पैसे माझ्या पगारातले होते.

रागवायचं असेल तर पत्र संपेपर्यंत थांबा. गेल्या वर्षीचा पूर ओसरल्यावर शेडमधला चिखल काढताना तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे राहायचात. "घेऊन जा म्हणावं, बघवत नाही मला," एवढंच म्हणालात. भंगारवाला खरंच आला होता. त्यानं काटा काढला आणि किलोचा भाव सांगितला, तिथं माझं मन फिरलं. १९९१ पासून मार्केट यार्डातल्या पेढीवर नेलेली गाडी, जिच्या सीटलासुद्धा हळदीचा वास यायचा, ती किलोवर? मावशीच्या घरामागच्या बोळात ताडपत्री टाकून ठेवली. मावशी कटात सामील आहे. काका नाहीत, त्यांना ती आमच्या शाळेतल्या शिपायाची गाडी वाटते.

तुम्ही पुण्याला गेलात आणि आठवड्याभरात शाळा बंद झाली. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी छोट्या हत्तीत घालून तिला घरी आणली. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इस्लामपूरच्या कोरोनाच्या बातम्या ऐकून तर दूधवाल्याला दार उघडायचीही धास्ती वाटायची. आठवीपर्यंतच्या परीक्षाच रद्द, त्यामुळं तपासायला पेपर नाहीत. दिवस खायला उठायचे. मग काय, तुमचा जुना शर्ट चढवला आणि शेडमध्ये शिरले.

पहिली गोष्ट बरोबर केली: किक मारली नाही. पुरातून निघालेल्या गाडीला लोक आधी किक मारतात आणि तिथंच घात होतो. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो. हे २००५ साली तुम्हीच शेजारच्यांना ओरडून सांगत होतात, मी जिन्यावर बसून ऐकलं होतं. ऑइलचा खालचा बोल्ट सोडला तर आधी नुसतं गढूळ पाणी आलं, मागून दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी. सात-आठ महिने ते आत होतं. पिस्टन धरून बसला होता. टेम्पोवाल्याकडून बाटलीभर डिझेल मागून ठेवलं होतं, ते प्लगच्या भोकातून थोडं थोडं सोडलं. रोज सकाळी चहा झाला की गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक दोन्ही हातांनी मागं-पुढं रेटायचं. पाच दिवस ढिम्म. सहाव्या दिवशी चाक बोटभर सरकलं आणि मी अशी ओरडले की शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "काय गं, विंचू निघाला काय?"

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल करते. ते जेवता जेवता बघतात. "दाखवा. फिरवा. हां." एवढंच बोलतात, पण चुकू देत नाहीत. चाकं काढली तर ब्रेकच्या ड्रममध्ये कृष्णेचा गाळ वाळून पार मडकं झालेला. मी फुंकर मारणार तेवढ्यात ते ताटावरून ओरडले, "फुंकू नका! ओल्या फडक्यानं पुसा." जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत गेली तर वाईट. तुम्ही इतकी वर्षं तोंडानंच फुंकत होतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं होतं, ती रॉकेलमध्ये बुडवून साफ केली आणि नवं ग्रीस भरलं. कार्बोरेटर तीनदा उघडला. तिसऱ्यांदा जेट उजेडाकडं धरला तेव्हा कुठं त्यातून सुईच्या टोकाएवढं आभाळ दिसलं.

आता आई, हे तुझ्यासाठी. टाकी आतून गंजली होती. मूठभर जुने नट आणि रॉकेल घालून घुसळली, पण गंज काही पुरता निघेना. आंबट पदार्थानं गंज सुटतो म्हणून तू जाण्याआधी गोळे करून ठेवलेली वर्षाची चिंच घेतली. सगळी नाही, अर्धी. टाकी आतून चांदीसारखी झाली. मी खुशीत फोटो काढले आणि झोपले. सकाळी बघते तर पुन्हा नारिंगी! तू चिंचेला मीठ लावतेस हे माझ्या लक्षातच नव्हतं. मिठाचं पाणी लोखंडाला लावल्यावर दुसरं काय होणार? शिवाय ओली टाकी रात्रभर तशीच सोडली, ती चूक वेगळीच. मग किराणावाल्याकडून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या, दोन दिवस भरून ठेवलं, सोड्याच्या पाण्यानं धुतली, उन्हात कडक वाळवली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं. आता तशीच स्वच्छ आहे. पण सांगलीत बसून पंचवीस रुपयांचा खायचा सोडा टाकीत ओतताना वाटत होतं, तू बघितलं असतंस तर झाडूच घेतला असतास.

शेडही आवरायला काढली आहे. पुरात फुगलेलं माजघराचं सागवानी दार टाकवत नव्हतं; त्याचं रंधून टेबल केलं. फळीवर खिळे ठोकून पाने लावले आणि प्रत्येकाभोवती खडूनं आकार काढला, म्हणजे दहा-अकराचा कुठं गेला म्हणून घर डोक्यावर घ्यायला नको (हे बाबांसाठी). जमिनीतले खड्डे मात्र राहिले. पुरानंतर उरलेलं अर्धं पोतं सिमेंट होतं, उघडलं तर आत एकच दगड. तो आता टेबलाखाली पाय ठेवायला आहे.

बाबा, भिंतीवर तुम्ही गेरूनं २००५ ची रेषा मारली होती. तिच्या वर हातभर फळी ठोकून म्हणाला होतात, आता इथवर काही येत नाही. गेल्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं ४५ म्हणजे धोका. आपल्या फळीच्याही दोन फूट वर. मी नवी रेषा मारली आहे आणि विजेचा बोर्ड, फळी, बॅटरी ठेवायची जागा, सगळं तिच्या वर नेलंय. तारा ओढायला वायरमन काका आले होते, अंगणात लांब उभं राहून बोलायचे आणि मी आत गेले की काम करायचे. पण गाडी काही भिंतीवर टांगता येत नाही. ती चालू असायला हवी, एवढाच उपाय. पाणी ४० फुटांना लागलं, इशारा आला, की मी तिला विश्रामबागला मावशीकडं सोडून येणार. मग येऊ दे किती यायचं ते.

त्या रात्री तुम्ही आईची औषधं, कागदांची पिशवी आणि मांजर घेतलंत. गाडी शेडमध्ये राहिली. गाडी सोडून मांजर घेणाऱ्या माणसानं स्वतःवर इतकं रागवायचं काही कारण नव्हतं. पण तुम्ही ते बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

परवा माझ्या स्कूटीतून नळीनं पेट्रोल काढून घातलं. नवं ऑइल, नवा प्लग. चोक ओढून किक मारल्या. सोळाव्या किकला सुरू झाली. धूर एवढा की काकू पुन्हा गच्चीवर. सहा मिनिटं चालली, मग ते ऑइलही काढून टाकलं, कारण त्यात उरलंसुरलं पाणी आलं होतं. पुन्हा भरून पुन्हा सुरू केली. पण एक अडचण आहे. ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते. मिस्त्री म्हणतात हवेचा स्क्रू पूर्ण आवळा, मग दीड-दोन आटे सोडा आणि आवाज ऐकत बसवा. मला तो आवाज कळत नाही. फिल इट, शट इट, फर्गेट इट अशी त्या कंपनीची जाहिरात होती म्हणे, पण तुम्ही तर प्रत्येक लिटर डायरीत लिहायचात, स्क्रूचे आटेसुद्धा. ती डायरी पुरात गेली.

तर बाबा, किती आटे? लॉकडाऊनची ३ मेची मुदत संपल्यावर गाड्या सुटतील की नाही कुणास ठाऊक, तोवर तुम्ही फोनवरून ऐका. सकाळी सहाला लावते, तेव्हा रस्ता शांत असतो. आईला सांगा स्पीकर बंद ठेव.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. आई, उरलेली चिंच ठीक आहे. मी चव घेऊन बघितली.