आयबी शाळेत मराठी मागायला पालकांनी लाजू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पुण्या-मुंबईतल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळांच्या जाहिरातीत स्विमिंग पूल आणि परदेशातली अ‍ॅडमिशन एवढंच दिसतं, पण हे शिक्षण मुळात कशासाठी उभं राहिलं ते पालकांना कोणी सांगतच नाही. 1924 साली जिनिव्हात एक शाळा निघाली ती लीग ऑफ नेशन्स (राष्ट्रसंघ) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झालेली आणि कालपर्यंत एकमेकांशी लढलेल्या देशांची मुलं एका वर्गात. त्याच जिनिव्हात 1968 ला आयबी सुरू झालं. दुसऱ्याचंही बरोबर असू शकतं हे मुलाला शाळेतच कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आयबीच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमाची रचना बघा ना. सहा विषय तर आहेतच, वर 4000 शब्दांपर्यंतचा स्वतःच्या प्रश्नावरचा निबंध, आणि थिअरी ऑफ नॉलेज, ज्यात तुला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे हेच विचारतात. सीएएस म्हणजे कला, खेळ, समाजसेवा, याला डिप्लोमाच्या एकूण 45 मार्कांपैकी एकही मार्क नाही, तरी ते केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही! आपल्याकडे मार्क नसलेलं काहीही पहिलं टाइमटेबलमधून जातं, म्हणून मला याचं खरंच कौतुक आहे.

पण माझी मुलगी ज्या शाळेत आहे तिथे पालकांना सांगतात की घरीसुद्धा इंग्रजीच बोला, आणि मराठीचं विचारलं तर त्यासाठी टीचरच नाहीत असं सांगतात. हे आयबीच्या विचाराच्या अगदी उलट आहे. प्रत्येक आयबी शाळेला स्वतःची लेखी भाषा पॉलिसी ठेवावीच लागते आणि त्यात मातृभाषेचा विचार अपेक्षित असतो. शिवाय शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी मुलाला शाळेच्या मदतीने आपल्या भाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासून डिप्लोमाचा विषय म्हणून देता येतं, स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे दोन पातळ्यांपैकी सोप्या पातळीला. त्यासाठी शाळेने बरंच आधी आयबीशी बोलावं लागतं, अकरावी सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, पुढच्या मीटिंगला शाळेची भाषा पॉलिसी मागून घ्या, वाचा, आणि त्यात मराठी कुठे आहे ते विचारा.

एक पालक, पुणे