सामान्यीकरणाचा तार्किक अर्थही वाचकांपर्यंत यावा

महोदय,

मशीन लर्निंगविषयीच्या मराठी लेखनात ‘सामान्यीकरण’ म्हणजे पूर्वी न पाहिलेल्या उदाहरणांवरही यंत्राचे उत्तर बरोबर येणे, एवढाच अर्थ बहुधा दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु तर्काधारित मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे यंत्र ‘जर-तर’ स्वरूपाचे नियम शिकते त्या शाखेत, या शब्दाने दोन नियमांमधला एक नेमका, तपासून पाहता येणारा संबंध सांगितला जातो, आणि त्याचा उल्लेखही होऊ नये याची मला खंत वाटते.

संगणकशास्त्रज्ञ गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७० मध्ये हा संबंध अंतर्भावाच्या, म्हणजे सबसम्प्शनच्या, आधारे मांडला. एका नियमातील चलांच्या (कोणत्याही वस्तूसाठी वापरलेल्या क्ष, य अशा चिन्हांच्या) जागी योग्य पदे, म्हणजे वस्तूंची नावे किंवा दुसरी चिन्हे, ठेवल्यावर त्याचा प्रत्येक घटक दुसऱ्या नियमात सापडत असेल, तर पहिला नियम दुसऱ्याइतका किंवा त्याहून अधिक सामान्य ठरतो. यातून शिकण्याची रीतही मिळते. ‘तांबे धातू आहे व त्याचा रंग तांबडा आहे, म्हणून ते वीजवाहक आहे’ आणि ‘चांदी धातू आहे व तिचा रंग पांढरा आहे, म्हणून ती वीजवाहक आहे’ ही दोन विधाने घेतली, की तांबे-चांदी या जोडीच्या जागी सर्वत्र एकच चल येतो, तांबडा-पांढरा या जोडीच्या जागी दुसरा, आणि उरते ते असे: कोणताही रंग असलेला कोणताही धातू वीजवाहक असतो. दोन्ही विधानांना सामावून घेणारा याहून कमी सामान्य नियम नाही. एका जोडीला सगळीकडे एकच चल, या साध्या अटीमुळेच धातू असणे आणि वीजवाहक असणे एकाच वस्तूविषयी बोलत राहतात. मला या सिद्धान्ताचे खरे सौंदर्य इथे दिसते.

मात्र अंतर्भाव म्हणजे तार्किक निष्पत्ती, अर्थात एका नियमावरून दुसरा तर्काने निघणे, नव्हे, आणि हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘एखाद्या संख्येला जो गुण आहे तो तिच्या पुढच्या संख्येलाही असतो’ या नियमावरून ‘तो तिच्या दोन पावले पुढच्या संख्येलाही असतो’ हे निघतेच, कारण पहिला नियम दोनदा लावता येतो. पण केवळ चलांच्या जागी पदे ठेवून पहिला नियम दुसऱ्यात बसवता येत नाही. मग निष्पत्तीच निकष का मानू नये? कारण एका नियमावरून दुसरा निघतो की नाही, हे प्रत्येक वेळी निश्चित सांगू शकणारी पद्धतच असू शकत नाही, असे १९८८ मध्ये सिद्ध झाले आहे. अंतर्भाव नेहमी तपासता येतो, जरी मोठ्या नियमांसाठी ते काम अत्यंत वेळखाऊ होऊ शकते. अनेक उदाहरणांचे एकत्रित सामान्यीकरण करताना नियमाची लांबीही झपाट्याने वाढते. म्हणून उदाहरणांवरून असे नियम शिकणाऱ्या १९९० च्या गोलेम या संगणक प्रणालीत चलांवर कडक बंधने घालावी लागली.

आपल्या विज्ञान पुरवणीत मशीन लर्निंगवर पुढे जे लेख येतील, त्यांत यंत्राने शोधलेला नियम माणसाला वाचता येतो अशा या शाखेला जागा द्यावी, आणि तिथे अंतर्भाव व निष्पत्ती यांतील फरक उदाहरणासह समजावून सांगावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक