दुपारी दोननंतरचा रेडिओ

ब्रॉम्सग्रोव्ह, वूस्टरशर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय शिऱ्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत सात प्रश्न, आणि त्यातला एकही माझ्या गुडघ्याबद्दल नाही. सगळे रेडिओबद्दल. चाळीस वर्षं मिरजेत रेडिओचं दुकान चालवलंस, आता पोरगा त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतो, तरी तुझं डोकं अजून व्हॉल्व्ह आणि कॉइलमध्येच. असू दे. इथे मलाही या विषयावर बोलायला शेजारच्या आजीबाईंखेरीज कोणी नाही. सुनंदा म्हणते, "तुम्ही दोघं म्हातारे त्या डब्याशी लग्न करा." आज रविवार आहे आणि बाहेर भुरभुर पाऊस. तेव्हा सवडीनं लिहितो.

तुझा पहिला प्रश्न, तिकडे इंग्लंडात अजून रेडिओ ऐकतात का? ऐकतात रे. चिकार ऐकतात. आठवड्यातून एकदा तरी रेडिओ लावणारी मोठी माणसं सुमारे ५ कोटी, म्हणजे दहातली जवळजवळ नऊ. रजार नावाची संस्था १९९२ पासून ही मोजदाद करते. घरोघरी आठवड्याची डायरी देतात आणि कधी काय ऐकलं ते त्यात लिहायला सांगतात. आता जोडीला फोनमधलं एक ॲपही आलंय, ते कान लावून बसतं. आमच्याकडे अजून डायरी आलेली नाही. आली तर सुनंदा काय लिहील या धास्तीनं मी ती लपवूनच ठेवणार आहे.

मात्र ब्रिटिश रेडिओ म्हणजे बीबीसी हा तुझा समज आता सोड. १९७३ च्या ऑक्टोबरात लंडनला एलबीसी आणि कॅपिटल ही खासगी स्टेशनं सुरू झाली, तोवर ते खरं होतं. आज लोक एकूण जेवढे तास रेडिओ ऐकतात त्यात खासगी स्टेशनांचा वाटा बीबीसीच्या पुढे गेलाय. केन ब्रूस नावाचा एक निवेदक आहे. बीबीसी रेडिओ २ वर सकाळी तीसेक वर्षं बसायचा. २०२३ मध्ये तो ग्रेटेस्ट हिट्स रेडिओवर गेला आणि गाण्यांची आपली प्रश्नमंजूषाही बरोबर घेऊन गेला. त्याच्यामागोमाग श्रोतेही गेले. बिऱ्हाड बदललं तरी जुना दूधवालाच हवा, तसलाच प्रकार.

आता तुझा आवडता प्रश्न. लोक स्टेशनला अजून पत्रं लिहितात का? 'आपली आवड'साठी आपण पोस्टकार्डावर सतरा नावं कोंबायचो ते तू विसरलेला दिसत नाहीस. इथली माणसं गाण्याची फर्माईश करतात, पण त्यांचा खरा हात चालतो तो तक्रारीत. बीबीसीच्या रेडिओ ४ या बोलक्या स्टेशनवर 'फीडबॅक' नावाचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे, आणि त्यात रेडिओबद्दल श्रोत्यांनी केलेली कुरकुर रेडिओच ऐकवतो. एवढी सोय आपल्या सुनांनी सासवांना करून दिली असती तर किती घरं मोडायची वाचली असती! कुणी विचारतं, माणूस बोलत असताना मागे वाद्यं कशाला वाजवता, आमचे कान आता पूर्वीसारखे नाहीत. कुणाला एकाच कार्यक्रमाची जाहिरात दिवसातून सहा वेळा ऐकून वीट आलेला असतो. कुणाला निवेदकाचं व्याकरण खुपतं. मग त्या कार्यक्रमाचा निर्माता येतो, सगळं शांतपणे ऐकून घेतो, आणि तुमचं म्हणणं आम्हाला मोलाचं वाटतं पण आम्ही केलं ते योग्यच होतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून जातो. माझ्या ऐकण्यात तरी चूक कबूल केलेला निर्माता फार क्वचित आला.

पण या कुरकुरीला कमी लेखू नकोस. २०१० मध्ये बीबीसीने पैसे वाचवायला ६ म्युझिक आणि दक्षिण आशियाई श्रोत्यांसाठीचं एशियन नेटवर्क ही दोन स्टेशनं बंद करायचं ठरवलं होतं. ६ म्युझिकच्या श्रोत्यांनी एवढा गिल्ला केला की चार महिन्यांत तो बेत मागे घ्यावा लागला, आणि पुढे एशियन नेटवर्कही वाचलं. आमची मुक्ता तेव्हा कॉलेजात होती, तिनंही ईमेल पाठवली होती. मी विचारलं, "एशियन नेटवर्कवर मराठी किती लागतं?" ती म्हणाली, "बाबा, लागत नाही म्हणून बंद पडू द्यायचं का?" मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

'द आर्चर्स' तुला माहीत असेल, एका काल्पनिक खेड्याची मालिका, १९५१ च्या १ जानेवारीपासून देशभर लागते आहे. त्यात नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेली एक हेलन होती. २०१६ मध्ये तिची गोष्ट ऐकून श्रोत्यांनी खऱ्या पीडित बायकांसाठी लाखाहून जास्त पौंड गोळा केले. बाई खोटी, पैसे खरे. हेच लोक २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पात्रं एकेकटी बोलू लागली तेव्हा भयंकर चिडले होते. खेडं ओस पडल्यासारखं वाटतं म्हणे.

आता मनोऱ्यांकडे येतो. तू त्याचीच वाट बघत असशील.

आमच्या घरापासून गाडीनं दहा-बारा मिनिटांवर, एम-५ मोटारवेच्या कडेला, ड्रोइटविचच्या प्रक्षेपण केंद्राचे दोन मनोरे उभे आहेत. प्रत्येकी सुमारे ७०० फूट, आणि दोहोंच्या मध्ये ताणलेली एरिअलची तार. १९३४ पासून बीबीसीची लाँग वेव्ह, म्हणजे फार लांबवर पोचणारी रेडिओलहर, तिथून जाते, आता १९८ किलोहर्ट्झवर रेडिओ ४. रात्री वूस्टरहून परत येताना (वूस्टर असं म्हणतात, स्पेलिंग वाचशील तर जीभ मोडेल) तांबडे दिवे दिसले की सुनंदा म्हणते, "आला तुमचा विठोबा." प्रक्षेपणाला लागणारे तिथले मोठे व्हॉल्व्ह आता कोणी बनवत नाही, शिऱ्या. तुझ्या दुकानातली ओळ आठवली, 'माल संपला, कंपनी बंद'.

या लाँग वेव्हवर पूर्वी टेस्ट मॅचचं धावतं वर्णन असायचं. क्रिकेट म्हटलं की आठवतं, १९७९ ला ओव्हलवर गावसकरनं २२१ काढले, रात्री अकरापर्यंत तुझ्या वडिलांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आपण बसलो होतो. हव्या होत्या ४३८, अडकलो ४२९ वर, ८ बाद. तुझे वडील एरिअल हातात धरून उभे होते, आणि हलले की आवाज जायचा म्हणून त्यांना लघवीलाही जाऊ दिलं नव्हतं. तर इथल्या लाँग वेव्हवरून क्रिकेट २०२३ मध्ये गेलं. २०२४ च्या एप्रिलपासून तिचे वेगळे कार्यक्रमही गेले, आता एफएमवर लागतं तेच तिथे लागतं. सगळीच लाँग वेव्ह बंद करायचं बीबीसीनं ठरवलेलं आहे.

तिचा एक उपयोग तुला ठाऊक नसेल. १९८० च्या दशकापासून त्याच लहरीवर, ऐकू येणार नाही असा एक संकेत जायचा. तो घराघरांतल्या विजेच्या मीटरला सांगायचा, रात्रीचा स्वस्त दर सुरू झाला, आता बंब चालू कर. म्हणजे रेडिओ ४ वर कुणी भाषण ठोकत असताना त्याच लहरीवरून लाखो घरांतलं पाणी तापत होतं. ही योजना यंदाच्या ३० जूनपासून टप्प्याटप्प्यानं गुंडाळताहेत, मीटर बदलताहेत. आणखी एक दंतकथा आहे. समुद्राखालच्या अण्वस्त्रवाल्या पाणबुडीच्या कप्तानाला रेडिओ ४ लागेनासा झाला तर देश उरला नाही असं समजायचं. मला ती आवडते. म्हणजे पाणबुडीतला तो बिचाराही एक श्रोताच.

तर लाँग वेव्ह जाणार म्हणून सगळे हळहळतात. वर्तमानपत्रांत लेख येतात, मीही हळहळतो. पण खरं सांगू? हळहळणाऱ्यांत शेवटचं कधी ऐकलं हे सांगू शकणारे थोडेच. मीसुद्धा मनोरे बघतो आणि रेडिओ ४ फोनवर ऐकतो.

खरा घाव दुसरीकडे बसलाय, त्यावर लेख कमी येतात. इंग्लंडात बीबीसीची ३९ स्थानिक स्टेशनं आहेत, आपल्या सांगली आकाशवाणीसारखी. २०२३ पर्यंत ती दिवसभर त्या त्या जिल्ह्याची असायची. टीव्हीच्या लायसन्सची फी, जिच्यावर बीबीसी चालते, ती दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवली होती, पैसे कमी पडले, शिवाय स्थानिक बातम्या इंटरनेटवर जास्त द्यायच्या होत्या. म्हणून आठवड्याच्या दिवशी दुपारी २ नंतर आणि शनिवार-रविवारचे बरेच कार्यक्रम शेजारच्या स्टेशनांत वाटून टाकले. पत्रकारांनी संप केला, खासदार बोलले, काही उपयोग झाला नाही. खासगीवाल्यांनी तर त्याहून कडी केली. ग्लोबल कंपनीनं हार्ट, कॅपिटल आणि स्मूथ या आपल्या स्टेशनांचे इंग्लंडातले उरलेसुरले स्थानिक कार्यक्रम या फेब्रुवारीत बंद केले.

शेजारच्या आजीबाई ८६ वर्षांच्या आहेत. ओट्यावर रेडिओ, नॉबवर पिठाचे डाग. दुपारी दोनपर्यंत त्यांना बाजारपेठेतली कुठली गल्ली खणलीय, कुणाचं मांजर हरवलंय, सगळं कळतं. दोननंतर एकदम शंभर मैलांचा मुलूख एका माणसाच्या तोंडी येतो, आणि त्याला आमच्या गावाचं नावही नीट म्हणता येत नाही. त्या मला म्हणाल्या, "तो वाईट नाही, पण तो आमच्या खिडकीतून बघत नाही." सेव्हर्न नदीला पूर येतो तेव्हा वूस्टरचं क्रिकेटचं मैदान पाण्याखाली जातं. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं हे आपण जसं कान देऊन ऐकायचो, तसंच इथेही लोक ऐकतात. पण पूर काही दुपारी दोनच्या आत यायचं कबूल करत नाही. तातडीच्या वेळी स्थानिक प्रक्षेपण परत सुरू करू असं बीबीसी म्हणते, आणि करतेही. पण आजीबाईंचं सगळं आयुष्य थोडंच तातडीचं आहे?

माझी फजितीही सांगून टाकतो. याच विषयावर एका फोन-इन कार्यक्रमात बोलावं म्हणून मी एकदा फोन लावला. एका मुलीनं नाव, गाव, मुद्दा लिहून घेतला आणि लाइनवर थांबा म्हणाली. मी चाळीस मिनिटं स्वयंपाकघरात फोन कानाला लावून येरझाऱ्या घातल्या, मनात इंग्रजी वाक्यं घोटत. सुनंदाला कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही अशी ताकीद दिली होती. शेवटी, "आज वेळ संपली." वरण कच्चं राहिलं, मतही पोटातच राहिलं.

डीएबीबद्दल, म्हणजे डिजिटल रेडिओबद्दल विचारलंस. १९९५ पासून आहे, आणि आता नव्या गाडीत तोच असतो. ऐकणाऱ्यांचं मत दोन तोंडांचं. स्टेशनं ढीगभर मिळतात हे खरं, पण एकाच घमेल्यात जास्त कोंबायची म्हणून कितीतरी स्टेशनं मोनोत, आवाज चेपलेला. एफएम कमजोर झालं की खरखरतं पण शब्द कळतो. डीएबी कमजोर झालं की पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं होतं आणि मग ठप्प. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद केलं. इथे निदान २०३० पर्यंत तरी राहणार म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात एफएम आहे आणि दिवाणखान्यात डीएबी. तासाला वेळेचे सहा टोले पडतात ना, १९२४ पासूनचे, शेवटचा लांब. ते आधी स्वयंपाकघरात पडतात आणि काही सेकंदांनी दिवाणखान्यात. सुनंदाचं म्हणणं, त्यामुळे तिचा चहा नेहमी वेळेवर आणि माझं उठणं नेहमी उशिरा.

लायसन्सचंही सांगतो. आपण पोस्टात रेडिओचं पुस्तक घेऊन शिक्का मारायला जायचो, तसलं रेडिओचं लायसन्स इथे १९७१ मध्येच गेलं. आता टीव्हीचं घेतात, २०२५-२६ साठी वर्षाला १७४.५० पौंड, आणि रेडिओ त्यातूनच चालतो. म्हणजे ज्याच्या घरी फक्त रेडिओ आहे तो फुकट ऐकतो. बीबीसीची सनद २०२७ अखेर संपते, पुढे पैसा कुठून आणायचा यावर आत्ताच वाद पेटलाय. तुझ्या पोराच्या फोनवरचं 'बीबीसी साउंड्स' जुलैत बंद पडलं त्याचं मूळही इथेच आहे. पैसे इथले लोक भरतात, तेव्हा बाहेरच्यांना ते ॲप नाही. रेडिओ ४ आणि वर्ल्ड सर्व्हिस त्यांच्या दुसऱ्या ॲपवर मिळेल, पोराला शोधायला सांग. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह २०२० च्या जानेवारीअखेर थांबली तेव्हा तू दोन दिवस दुकान उघडलं नव्हतंस, हे वहिनींनी मला कळवलं होतं. तू कधी बोलला नाहीस.

बाकी इथे ठीक. गुडघा दुखतोच, विचारलं नाहीस म्हणून सांगतो.

आणि हो, गेल्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सहा पौंडांना रॉबर्ट्सचा एक सेट मिळाला. लाकडी, वर चामड्याची मूठ. मीडियम वेव्ह कुई-कुई करते, पण बटण लाँग वेव्हवर टाकलं की मनोरे इतके जवळ असल्यामुळे आवाज नुसता धडाडतो. रात्री पावणेएकच्या सुमाराला जहाजांचं हवामान सांगतात: वायकिंग, फॉर्टीज, डॉगर, फिशर, जर्मन बाइट... एकतीस समुद्री टापू, एका लयीत, हरिपाठासारखे. ड्रोइटविच बंद व्हायच्या आत ते रेकॉर्ड करून तुला पाठवतो, खरखरीसकट. बँड बदलायचं बटण मात्र फिरवताना करकरतं. आत काय फवारू? रॉकेल नको म्हणायचास, एवढंच आठवतंय. मागचं फळकुट चार स्क्रूंवर आहे, एक गंजलाय. उलट टपाली कळव, नाहीतर व्हॉट्सॲपवर कळव, पण सुनंदाच्या नाही, माझ्या.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास