अंगरख्याचा पांढरा

पुणे,
१८ ऑगस्ट

प्रिय बंड्या,

तू रंगवलेल्या छोट्या मावळ्याचा फोटो मिळाला. खरं सांगतो, रागावू नकोस. चेहरा झकास झालाय, मिशा तर अशा की फुंकर मारली तर हलतील. पण अंगरखा म्हणजे गोठ्याच्या भिंतीला चुना मारल्यासारखा. काखेत रंग साचलाय, खांद्यावरून खालचा राखाडी डोकावतोय आणि छातीवर ब्रशचे फराटे. अरे, मावळा ७५ मिलिमीटरचा, त्याला किती रंग पाजायचा!

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांना आपण पोस्टर कलर फासायचो, तेव्हाही पांढऱ्यानेच दगा दिला होता. तोच हिशेब तू अजून चुकता करतोयस.

निम्मा दोष रंगाचाच आहे म्हणा. या पांढऱ्यात असतं टायटॅनियम डायऑक्साइड, पाण्याच्या चौपट जड. बाटली आठवडाभर उभी राहिली की ते तळाशी जाऊन बसतं. वरचे पहिले चार थेंब नुसतं पाणचट, ते लावल्यावर काहीच झाकलं जात नाही. मग आपण वैतागून बाटली पिळतो आणि एकदम गाळ येतो. तुझी छाती आणि तुझी काख यांची गोष्ट एवढीच आहे. म्हणून बाटली हलव, आणि मग आणखी हलव. चहा उकळेपर्यंत हलव.

आत स्टीलचे दोन छर्रे टाकले तर काम सोपं होतं, पण ते स्टेनलेसच हवेत. मी गेल्या वर्षी हुशारी केली, सायकलच्या बेअरिंगमधले टाकले. महिन्याभराने बाटली उघडली तर आत गुलाबीसर मठ्ठा! छर्रे गंजले होते. १७ मिलिलिटरची कोरी बाटली, दोनदासुद्धा वापरली नव्हती.

आता मुख्य मुद्दा. अंगरखा पांढऱ्याने रंगवूच नकोस. घरातला धुतलेला पांढरा सदरा खुर्चीवर टाक आणि खिडकीच्या उजेडात नीट बघ. पांढरा त्यात कुठेय? चुणीच्या टोकावर, कॉलरच्या कडेला, तेवढाच. बाकी सगळा फिका करडा, कुठे निळसर, कुठे पिवळट. मावळ्याचा कपडा तर सुती, घामाचा, सह्याद्रीच्या धुळीतला. त्याला बाजारातला ऑफ व्हाइट घे किंवा पांढऱ्यात चिमूटभर मातकट पिवळा रंग आणि राखाडी घालून स्वतःच कर. सगळा अंगरखा त्यात. चुण्यांच्या खोबणीत त्याहून जरा गडद. निव्वळ पांढरा शेवटी फक्त खांद्याच्या माथ्यावर, कोपराच्या वळणावर आणि गुडघ्यापाशी घेराच्या दोन-तीन चुण्यांवर. सगळंच शुभ्र केलंस तर उजळवायला शिल्लक काय राहणार?

हात पातळ द्यायचे. गाईचं दूध असतं तितपत, ताकाइतकं दाटही नको. ब्रश रंगात बुडवला की आधी टिश्यूवर टेकव, मग अंगरख्याला लाव. पहिला हात दिल्यावर तुला वाटेल काहीच झालं नाही. दुसऱ्यानंतर वाटेल बिघडलं. तिथेच तू जाड हात मारतोस, मला माहीत आहे. न मारता वीस मिनिटं उठून जा. अर्धवट वाळलेल्यावर ब्रश फिरवलास की खालचा थर उचलला जातो आणि खड्डा पडतो, तो मग कशानेही बुजत नाही. चौथ्या हाताला कापड दिसायला लागतं. ब्रश दोन नंबरचा घे, टोकदार. तुझा तो तीन शून्यवाला मिशांसाठी ठेव. त्यात रंग मावतो थेंबभर, आणि तोही मावळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो.

पॅलेटसाठी झाकणाचा डबा पुरे: तळाशी ओला टिश्यू, वर बटर पेपर. रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो. पाण्याची वाटी मात्र पांढऱ्यासाठी वेगळी. शेल्याचा लाल ज्या पाण्यात धुतलास त्यातच पांढरा ब्रश बुडवतोस ना? मग अंगरखा लाजल्यासारखा दिसणारच.

स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, या पावसात मारू नकोस. दमट हवेत माझ्या एका तोफेवर दुधाळ पापुद्रा आला होता. पाऊस उघडला, ऊन पडलं की मार, वीतभर अंतरावरून, थांबून थांबून. राखाडीच घे. पांढऱ्या प्रायमरवर पांढरा लावला तर कुठे लागला, कुठे राहिला, काही कळत नाही.

जाड रंगावरून आठवलं. माझं ते अमेरिकी स्पेस शटलचं मॉडेल तू पाहिलंयस, पांढऱ्या टाकीचं. १९८१च्या पहिल्या दोन उड्डाणांत ती इंधनाची मोठी टाकी पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्यापासून रंगच काढून टाकला आणि सुमारे २७० किलो वजन वाचलं. नारिंगी टाकी दिसते ती तशीच कोरी. तुझ्या मावळ्याचा अंगरखा उतरवून तोलावा असं वाटतंय मला.

आता आहे त्याचं काय? सगळं धुऊन काढू नकोस, चेहराही जाईल. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा पाण्यात भिजव आणि काखेतला, छातीवरचा उंचवटा हलक्या हाताने घास. राखाडी दिसला तरी घाबरू नकोस. मग ऑफ व्हाइटपासून पुन्हा.

झाला की फोटो दिवसा काढून पाठव, ट्यूबलाइटखाली सगळं निळं दिसतं. आणि ती गंजक्या छर्‍यांची बाटली मी फेकली नाहीये. परवा एका हमालाच्या धोतराला तोच रंग लावला, इतका मळका पांढरा मला मुद्दाम जमला नसता. थोडा हवा असेल तर कळव.

तुझा,
सुध्या