दोन वास्तूंच्या मधल्या रस्त्याचं काय?

मा. पर्यटनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या ऐतिहासिक शहराला निधी मिळाला की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. प्रवेशकमान, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि कोनशिला. जुन्या भिंतीच्या वाट्याला सिमेंटचा गिलावा येतो. चुन्यातलं बांधकाम आत मुरलेली ओल हळूहळू बाहेर टाकतं. वरून सिमेंट थापलं की ती दगडात कोंडते, क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे पैसे मोजून नासधूस!

पण हे पत्र वास्तूंसाठी नाही, एका वास्तूपासून दुसरीपर्यंतच्या रस्त्यासाठी आहे. असं शहर पायीच बघायचं असतं, आणि नेमकं चालायलाच जागा नसते. पदपथ असला तर मध्येच विजेची डीपी उभी, पुढे दुचाकींची रांग. बसायला ओटा नाही, स्वच्छतागृह असलंच तर कुलूपबंद. फलकावर वास्तू विद्रूप केल्यास काय शिक्षा होईल हे सविस्तर लिहिलेलं असतं. ती कोणी, कशासाठी बांधली याला जागाच उरत नाही.

बॉस्टन काही छोटं शहर नव्हे, पण त्याची युक्ती छोट्यांना परवडणारी आहे. विल्यम स्कोफिल्ड या पत्रकाराने १९५१ साली तिथली विखुरलेली स्थळं एका पायवाटेने जोडायचं सुचवलं. आज जमिनीवरची लाल रेघ सुमारे ४ किलोमीटरमध्ये १६ स्थळं जोडते. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्येही अशीच ४.२ किलोमीटरची लाल रेघ आहे. अहमदाबादेत कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत गल्लीबोळांतून नेणारा हेरिटेज वॉक १९९७पासून सुरू आहे. त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो २०१७ साली. आपल्याकडे मात्र आधी दर्जा, मग बघू!

वाट ज्यांच्या दारावरून जाणार त्यांना आराखडा कागदावर असतानाच विचारा. गाईडही त्यांच्यातूनच तयार करा. गाड्या वेशीबाहेर थांबवा.

आणि एक अट घालाच: पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद निविदेत लिहिलेलं नसेल, तर त्या प्रस्तावावर सही करू नका.

कळावे,
एक पायी फिरणारा नागरिक