उपचारांत श्रद्धेचीही विचारपूस हवी

संपादक महोदय,

मानसोपचारात झोप, भूक, औषधे यांची चौकशी होते. पण ‘तुम्हाला आधार कशाचा वाटतो?’ हे क्वचितच कोणी विचारते. ‘देवानेच मला टाकले’ असे रुग्ण म्हणाला, तर ते नेहमी आजाराचे लक्षणच असेल असे नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्येच आपल्या निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद केली, तीही विकार म्हणून नव्हे. अर्थात आध्यात्मिक आधार म्हणजे गंडेदोरे नव्हेत आणि गोळ्या बंद करण्याचा सल्ला तर मुळीच नव्हे! प्रशिक्षित व्यक्तीने उपदेश न करता ऐकून घ्यावे, एवढेच. रुग्ण नास्तिक असेल तर जगण्याच्या अर्थाबद्दल बोलावे. नको म्हणाला, तर विषय तिथेच सोडावा.

– एक वाचक