एक चकती कमी केली आणि चाक वाचलं

दादा, नमस्कार.

त्या संध्याकाळी ग्रीसने माखलेल्या हातांनी नुसतं ‘थँक यू’ म्हणून मी निघालो. मनाला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण असंच चाक घेऊन अडून बसलेलं आणखी कुणी असेल.

माझ्या सायकलचं ते मागचं चाक मी स्वतः बांधलेलं पहिलं चाक. ३६ स्पोक ओवले, मग एकेक निपल, म्हणजे स्पोक ताणणारी छोटी नट, पाव-पाव फेरा फिरवत चार रात्रींत ते सरळ केलं. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, जुना, सात गिअरचा. हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर मात्र नऊचा. नऊची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, चढवली तर ती हबच्या ज्या भागावर बसते त्या फ्रीहबवर मावेना, तिला आवळून धरणारी लॉकरिंग आट्यांपर्यंत पोचेना. ज्याला विचारलं त्याने हब बदलायला सांगितलं. म्हणजे अख्खं चाक उसवायचं.

तुम्ही आधी व्हर्नियर कॅलिपर काढलात. मी विचारलं होतं, सातचीच कॅसेट ठेवून नऊचा शिफ्टर वापरला तर? तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. सातच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत ५ मिमी, नऊच्यात सुमारे ४.३५. एका क्लिकला ०.६५ मिमीची चूक. सहा उड्यांत ३.९ मिमी, म्हणजे जवळजवळ एक अख्खी चकती! मधले एक-दोन गिअर नीट लागतील, टोकांना साखळी खडखडत राहील. तोवर मी फक्त चकत्या मोजत होतो. त्यांच्यामधल्या फटीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आणि मग तुम्ही म्हणालात, ‘नऊतल्या आठ बसव.’ आठ चकत्यांमध्ये सात फटी: सात गुणिले ४.३५, अधिक शेवटच्या चकतीची जाडी, झाले साधारण ३२.२ मिमी. सातची जुनी कॅसेट ३१.८५. फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. तो आकडा बघून मला काय वाटलं ते त्या वेळी बोलता आलं नाही.

कुठली चकती काढायची, इथे मी घाई करत होतो. सर्वात लहान काढू म्हणालो, तेव्हा तुम्ही हात धरलात: लॉकरिंग जिच्यावर पकड घेतं त्या खाचा तिच्यावरच असतात. लहान टोकाकडून दातांची १२, १३, १४, १५, १७ अशी रांग होती. १५ काढली असती तर १४ वरून थेट १७ वर उडी. १४ काढली आणि तिच्यासोबतचा स्पेसर, म्हणजे दोन चकत्यांमधली फट राखणारी कडी, काढला, तर १३ वरून १५, पुढच्या दोन-दोन दातांच्या उड्यांसारखीच. चकत्या एकत्र जोडणाऱ्या रिव्हेटची डोकी घासायला वेळ लागला, पण तुम्ही कंटाळला नाहीत. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळताना ते करकरलं आणि मी दचकलो, तर म्हणालात, ‘तो आवाज यायलाच हवा.’

चकत्या आठच, म्हणून शिफ्टरचा नववा क्लिक रिकामा राहणार होता. तुम्ही म्हणालात, तो लहान चकतीच्या टोकाला ठेव, तिथे लिमिट स्क्रू डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) थांबवतो आणि केबल नुसती सैल पडते. मोठ्या टोकाला ठेवला तर केबलवर उगाच ताण येतो, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच सुचलं नसतं.

१३ वरून १५ वर जाताना साखळी क्षणभर रेंगाळते, कारण त्या दोन चकत्या शेजारी बसायला घडवलेल्या नाहीत. बाकी सगळे गिअर एका क्लिकला लागतात. स्पोक जसेच्या तसे आहेत.

काढलेली १४ ची चकती आणि तिचा स्पेसर डबीत ठेवलाय. तुमच्याकडे कुणाला लागली तर सांगा, घेऊन येईन.

मनापासून आभार, दादा.

तुमचा,
सात गिअरच्या हबवाला